उद्घाटन झालेली स्क्रिप्ट

तामलवाडीत माझ्या आईला कुणी विचारलं, "थोरला काय करतो?" तर ती सांगायची, "धाराशिवला कॉलेजात हाय." पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "शिकवतो का?" त्यावर ती म्हणायची, "न्हाय. शिकवणाऱ्यांचं अडलं की ह्याला हाका मारतेत." सेवापुस्तकात माझं पद 'संगणक प्रयोगशाळा सहायक' असं लिहिलेलं आहे. आईची व्याख्या जास्त अचूक होती.

निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, एवढी वर्षं तिथं नेमकं करत काय होता? 'संगणक बघायचो' असं सांगितलं की ते समाधानानं मान हलवतात आणि घरातला बिघडलेला प्रिंटर दाखवतात. खरं उत्तर असं आहे की नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी मुख्यतः पायथनची पॅकेजेस बसवत होतो, आणि ती प्रत्येक मशीनवर हातानं बसवायला लागू नयेत म्हणून स्क्रिप्ट लिहीत होतो. हे उत्तर दिलं की लोक प्रिंटरही दाखवत नाहीत.

तेव्हा आधी धंदा समजावून सांगतो. पायथन ही संगणकाला कामं सांगायची भाषा आहे. तिच्यात सगळंच आपण लिहायचं नसतं. जगभरच्या लोकांनी तयार करून ठेवलेले भाग मिळतात, ते आणून बसवायचे. एक आकडेमोडीचा, एक तक्ते हाताळायचा, एक आलेख काढायचा. या भागांना पॅकेज म्हणतात. ज्यानं विहिरीवर मोटार बसवलीय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. मोटार आणली म्हणजे पाणी येत नाही. तिला स्टार्टर लागतो, स्टार्टरला केबल, मोटारीला पाईप, पाईपला कपलिंग. आणि दुकानदारानं दोन इंची कपलिंगच्या जागी अडीच इंची दिलं तर सगळा लवाजमा बांधावर बसून राहतो. पॅकेजचं तसंच असतं. एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि तेही ठरावीक आवृत्तीचंच. याला डिपेन्डन्सी म्हणतात. 'अवलंबित्व' हा मराठी शब्द मी एकदा स्टाफरूममध्ये वापरून पाहिला. एका प्राध्यापकांनी मला चहा पाजला आणि घरी सगळं बरं आहे ना, असं विचारलं.

शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकासाठी ओळीनं लिहून ठेवलेल्या आज्ञा. जागा कर, हे आण, ते बसव, बसलं का बघ, अडलं तर थांब. यातली शेवटची सगळ्यात महत्त्वाची. कॉलेजात ती आज्ञा मानणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

आमच्याकडं अर्थशास्त्राचे एक सर होते. त्यांच्या संशोधनाचं गणित करणारा एक छोटा प्रोग्राम त्यांच्या मशीनवर मीच बसवून दिला होता.

"बनसोडे," ते एकदा म्हणाले, "माझा फोन रोज आपोआप अपडेट होतो. तुम्ही माझ्या मशीनवर दोन वर्षांपूर्वीचं काय ठेवलंय?"

"सर, ते चालतंय म्हणून ठेवलंय."

"हा विचार प्रगतीला मारक आहे."

मग त्यांनी स्वतःच प्रगती केली. इंटरनेटवर बघून सगळी पॅकेजेस एकदम नवी करून टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रोग्राम उघडला की मशीन लालभडक ओळी ओकायला लागलं. मी ते सगळं काढून टाकून जुन्या आवृत्त्या परत बसवल्या. सर खूश झाले. म्हणाले, "वा! पहिल्यासारखं झालं." त्या दिवसापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये मी प्रत्येक पॅकेजच्या नावापुढं त्याची आवृत्तीही बांधून टाकायला लागलो. हीच पाहिजे, दुसरी नको. सोयरीक जमवताना म्हातारी माणसं जसं गाव आणि घर दोन्ही विचारून घेतात, तसं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या प्राचार्यांचा असा ठाम समज होता की ज्याचं उद्घाटन झालं नाही ते घडलेलंच नाही. आमच्या कॉलेजात पाणी गाळायच्या यंत्राचं उद्घाटन झालं होतं, सायकलस्टँडच्या पत्र्याचं झालं होतं. अपंग विद्यार्थ्यांसाठी केलेल्या उताराचं दोनदा झालं, कारण पहिल्या वेळी पाहुणे सवयीनं पायऱ्यांवरून वर गेले. त्यामुळं अभ्यासक्रमात पायथन आलं आणि त्यासाठी नवी लॅब झाली, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष येऊन बटण दाबणार हे उघडच होतं. प्रश्न एवढाच होता की कुठलं बटण.

"तुमची ती स्क्रिप्ट," प्राचार्य म्हणाले, "अध्यक्षांच्या हस्ते चालवू. मोठ्या पडद्यावर."

कार्यक्रमाच्या वेळी इंटरनेट दगा देणार हे मला माहीत होतं, म्हणून मी लॅबमधल्या सगळ्या मशीनवर पॅकेजेस आधीच बसवून ठेवली होती. प्राचार्यांना रंगीत तालीम हवी होती. मी स्क्रिप्ट परत चालवली. पडद्यावर एकाखाली एक ओळी यायला लागल्या. प्रत्येक ओळ इंग्रजीत सांगत होती की ही गरज आधीच भागलेली आहे.

"हे काय?"

"सर, एकदा बसलेलं असलं की ती असंच म्हणते."

"म्हणजे अध्यक्षांनी बटण दाबल्यावर मशीन म्हणणार, हे आधीच झालेलं आहे?"

"ते खरं आहे, सर."

"खरं काय ते मलाही कळतं, बनसोडे. मी कार्यक्रमाविषयी बोलतोय."

म्हणून कार्यक्रमासाठी दुसरी स्क्रिप्ट लिहिली. तिच्यात दोनच प्रकारच्या आज्ञा होत्या. एक, सांगितलेलं वाक्य पडद्यावर दाखवायचं. दुसरी, काही सेकंद काहीही न करता बसून राहायचं. हेच आलटूनपालटून. याच दोन आज्ञांवर चालणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळं लिहायला वेळ लागला नाही. पहिल्या फाइलचं नाव 'इन्स्टॉल' होतं, दुसरीचं 'उद्घाटन' ठेवलं. गोंधळ व्हायला जागाच नव्हती.

कार्यक्रम उत्तम झाला. समई, नारळ, शाल, आणि मग अध्यक्षांचं बोट. पडद्यावर एक पट्टी भरत भरत शंभर टक्क्यांपर्यंत गेली. खाली आलं, 'सर्व पॅकेजेस यशस्वीरीत्या स्थापित.' एक सेकंद थांबून, 'मान्यवरांचे हार्दिक आभार.' टाळ्या पडल्या. अध्यक्ष मला म्हणाले, "लई फास्ट हाय वो तुमचं." खऱ्या स्क्रिप्टला त्याच कामाला अर्धी सकाळ लागली होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

पुढं मी पुतणीच्या लग्नासाठी रजेवर असताना प्राचार्यांनी ठरवलं की ही स्क्रिप्ट आपल्या भूमच्या शाखेला आणि ओळखीच्या आणखी दोन-चार कॉलेजांना पाठवावी. ऑफिसनं विचारलं, सर, फाइली दोन आहेत, कुठली पाठवू? हे मला नंतर ऑफिसातूनच कळलं. प्राचार्य म्हणाले, "अर्थात उद्घाटन झालेली. दुसरीचं उद्घाटन कुठं झालंय?" लोक याला घोटाळा म्हणतात. मी म्हणत नाही. त्यांनी नीट विचार करून, कारण देऊन, दोन्हींतली एक निवडली होती.

भूमच्या शाखेत शेळके मॅडम पायथन शिकवायच्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन. तो अभ्यासक्रम भूममध्ये त्यांनीच हट्टानं सुरू करवून घेतला होता. वर्गात निम्म्याहून जास्त मुली, आसपासच्या खेड्यांतून एस.टी.नं येणाऱ्या. वर्षभर साध्या पायथनवर भागलं, त्याला पॅकेज लागत नाहीत. शेवटचा भाग आला तेव्हा लॅबचं वायरिंग निघालं होतं, म्हणून मॅडमनी तो स्वतःच्या लॅपटॉपवर शिकवला. लॅब हातात आली ती प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला.

"बनसोडे सर, पॅकेजेस बसलीत. पण पोरींनी तक्त्यांचं पॅकेज मागितलं की मशीन म्हणतं, असं काही माझ्याकडं नाही."

"आमच्याकडून आलेली स्क्रिप्ट चालवली होती?"

"प्रत्येक मशीनवर. दोन दोन वेळा."

"शेवटी काय आलं?"

"शंभर टक्के आलं. यशस्वीरीत्या स्थापित आलं. आणि मान्यवरांचे हार्दिक आभार."

मी खुर्चीत बसलो.

"सर? ऐकू येतंय ना?"

"येतंय. मॅडम, त्या स्क्रिप्टनं काहीच बसवलेलं नाही. ती फक्त कार्यक्रमाची होती."

त्या हळू म्हणाल्या, "सर, गेल्या वर्षी बाहेरच्या परीक्षकांनी लिहून दिलंय, भूमची लॅब परीक्षेच्या लायकीची नाही. उद्या परत तेच आलं तर केंद्र धाराशिवला जाणार. केंद्र गेलं की इथला विषयही बंद."

मी प्राचार्यांकडं गेलो. "भूमला कशाला?" ते म्हणाले. "तिथं तर आपली पाठवलीय."

"सर, तीच बघून येतो."

भूमची एस.टी. बाजारच्या दिवशी भरते तशी भरली होती. कंडक्टरनं विचारलं, "सामान?" मी नाही म्हणालो. खिशात पेन ड्राइव्ह होता, त्यात खरी स्क्रिप्ट आणि सगळी पॅकेजेस. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी मात्र शेळीचं तिकीट काढलं होतं. आमच्या दोघांत जबाबदार प्रवासी त्याच दिसत होत्या.

भूमच्या लॅबमध्ये शिरलो आणि ओळखीची माणसं भेटल्यासारखं झालं. सगळी मशीन आमच्याच कॉलेजातून निवृत्त होऊन आलेली. काहींवर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या अजून होत्या. 'हे जोरात बंद करू नये.' मशीन जुनी म्हणजे त्यांच्यावरचं पायथनही जुनं. मी आणलेली पॅकेजेस नव्या पायथनची. अडीच इंची कपलिंग. त्यांना बसतील अशा जुन्या आवृत्त्या शोधून नव्यानं उतरवून घ्यायला हव्या होत्या आणि त्यासाठी इंटरनेट. इंटरनेटची केबल रस्ता खोदणाऱ्यांनी तोडली होती.

"माझ्या फोनचं नेट आहे," मॅडम म्हणाल्या. "पण रेंज फक्त त्या मागच्या खिडकीत येते."

गावातच राहणाऱ्या दोन-तीन मुली मदतीला थांबल्या होत्या. त्यांतली अश्विनी फोन घेऊन खिडकीच्या गजाला ओढणीनं बांधायला लागली. गाठ मारता मारता म्हणाली, "सर, एक विचारू? केंद्र खरंच धाराशिवला जातंय का?"

"उद्या बघू."

"गेलं तर आमचं कॉलेज इथंच संपलं बघा. आमचे दादा म्हणतेत, भूमपर्यंत ठीक हाय, त्याच्या म्होरं न्हाय."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? मी गाठ मारायलीय."

फोनच्या नेटवर सगळ्या मशीननी एकदम पॅकेजेस उतरवून घ्यायची म्हटली असती तर नेट पहिल्या दोन मशीनलाच संपलं असतं. म्हणून स्क्रिप्ट बदलली. खिडकीजवळच्या एकाच मशीननं बाहेरून आणायचं आणि स्वतःजवळ साठवायचं. बाकीच्यांनी लॅबमधल्या तारेवरून त्याच्याकडून घ्यायचं, बाहेर जायचंच नाही. मुलींना हे समजावायला मी तोंड उघडलं, तर त्यांतली एक म्हणाली, "म्हंजी टँकर एका हौदात रिकामा करायचा आन् मग समद्यांनी हौदातनं भरायचं." भूममध्ये नेटवर्किंग शिकवणं सोपं आहे.

एकदा लाइट गेली. आल्यावर स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून लावली. जे आलेलं होतं ते तिनं परत आणलं नाही, उरलेलंच आणलं. हा तिचा गुण मला कायम आवडत आला आहे. सूर्य कलायच्या सुमारास मी पहिल्या विद्यार्थी-मशीनवर ती चालवली. बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला. मग पडद्यावर पुढच्या आज्ञेची रिकामी ओळ आली.

"सर, काहीच आलं न्हाय वो," अश्विनी म्हणाली.

"अडलं असतं तर आलं असतं. तिला तसं सांगून ठेवलंय. बसवायचं, प्रत्येक पॅकेज एकदा उघडून बघायचं, आणि नीट असेल तर गप्प राहायचं."

"म्हंजी झालं?"

"झालं."

तिचा विश्वास बसला नाही, आणि तिचं बरोबरच होतं. मागच्या वेळी शंभर टक्के आल्यावर काय झालं ते तिनं पाहिलं होतं. तिनं स्वतः पायथन उघडलं, तक्त्यांचं पॅकेज मागितलं. मशीन काही बोललं नाही, मुकाट पुढच्या ओळीवर गेलं.

"आताबी काहीच न्हाय."

"मग दोनदा झालं."

दोन मशीन मात्र इतकी जुनी होती की त्यांच्यासाठी तयार पॅकेजच मिळत नव्हती. त्यांची मी बरीच मनधरणी केली. शेवटी त्यांच्यावर कागद चिकटवले, 'बंद'. त्याचं मला अजून वाईट वाटतं. धाराशिवला असताना त्यातलं एक माझ्या टेबलावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक आले. किडकिडीत गृहस्थ, हातात स्वतःचा डबा. चहा पुढं केला तर "नंतर" म्हणाले. गेल्या वर्षीचे तेच.

"धाराशिवचे बनसोडे तुम्हीच का? तुमच्या कॉलेजची स्क्रिप्ट आमच्याकडंही आलीय."

शेळके मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

"चालवलीत का, सर?" मी विचारलं.

"मी चालवायच्या आधी वाचतो. चांगली आहे. दोनच आज्ञा आहेत, दोन्ही बिनचूक." ते पहिल्या मशीनसमोर बसले. "ज्या मेलनं आली त्यातच दिसलं की ती भूमलाही गेलीय. म्हटलं अहवाल घरूनच लिहून पाठवावा. मग म्हटलं, नको. जाऊन यावं."

त्यांनी पायथन उघडलं आणि पॅकेजचं नाव टाइप केलं. काही आलं नाही. त्यांनी दुसरं नाव टाकलं, तिसरं टाकलं. काही नाही. उठून पुढच्या मशीनवर गेले. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि हातातला खडू मोडत होत्या. त्या लॅबमध्ये फळा नव्हता, खडू कुठून आला होता कोण जाणे. परीक्षक एकही मशीन न सोडता ओळीनं गेले. प्रत्येक ठिकाणी काहीच आलं नाही. शेवटी ते कागद चिकटवलेल्या मशीनसमोर थांबले.

"हे?"

"बंद आहे, सर."

"खरंच बंद?"

"खरंच. त्याच्यावर बसत नाही."

"बंद मशीनवर बंद लिहिलेलं मी कुठल्या लॅबमध्ये पाहिलं नव्हतं," ते म्हणाले आणि मॅडमकडं वळले. "मशीन कमी आहेत. दोन बॅच करा. पहिल्या बॅचला लांबच्या गावांच्या मुली घ्या, त्यांची गाडी चुकायला नको."

अश्विनी गावातलीच म्हणून दुसऱ्या बॅचला आली. तिला महिनावार पावसाचा आलेख काढायचा प्रश्न मिळाला, आकडे आपल्या तालुक्याचे घ्यायचे होते. तिनं काढला. आलेखाची रेघ तळाला चिकटून सरपटत गेली, मध्ये एकदा किंचित डोकं वर काढलं आणि परत झोपली.

परीक्षकांनी वाकून पाहिलं. "हा बरोबर आहे का?"

"व्हय सर," ती म्हणाली. "आमच्याकडं असाच असतोय."

त्यांनी पूर्ण गुण दिले. मग म्हणाले, "आता चहा चालेल." चहा पिता पिता त्यांनी माझ्याकडं खरी स्क्रिप्ट मागितली. "दिसायला कशी आहे?"

"दिसत काहीच नाही, सर."

"द्या," ते म्हणाले.

भूमचं केंद्र राहिलं. मी परत आल्यावर प्राचार्यांनी विचारलं, "काय, चालली ना आपली?" खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण ते तोवर फोनवर अध्यक्षांना सांगायला लागले होते की भूमला चालली. त्या वर्षीच्या अहवालात छापून आलं की माननीय अध्यक्षांच्या हस्ते कार्यान्वित झालेल्या प्रणालीमुळं भूम केंद्राची परीक्षा सुरळीत पार पडली. शेळके मॅडमचं नाव त्यात नव्हतं. ते मी तेव्हाच जाऊन भांडून घालायला हवं होतं, असं अजून वाटतं.

मी निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि मोठा पडदा. कुणीतरी हौसेनं जुनी 'उद्घाटन' फाइल शोधून तिच्यात माझं नाव घातलं होतं. पट्टी भरत गेली, शंभर टक्के झाली, खाली आलं, 'बनसोडे सरांची सेवा यशस्वीरीत्या पूर्ण.' टाळ्या पडल्या. माझं सेवानिवृत्तिवेतन मंजूर व्हायला त्यानंतर बराच काळ गेला, पण पडद्याला तो दोष देता येणार नाही. तो नेहमीच कामाच्या पुढं असायचा.

आता म्हणे हे काही लागतच नाही. सगळं तयार होऊन इंटरनेटवरच मिळतं, आपण फक्त उघडायचं. असेल. भूमला रेंज अजून मागच्या खिडकीतच येते. अश्विनी पुढं शिकायला धाराशिवला गेली. तिचे दादा म्होरं न्हाय म्हणाले होते, पण ती रोज भूमच्या स्टँडवरूनच गाडी धरते, म्हणून ते तिला भूमपर्यंतच गेलेली धरतात. शेळके मॅडम अजून तासिका तत्त्वावरच आहेत. दर वर्षी लॅब उघडली की त्यांचा फोन येतो.

"सर, चालवली."

"काय आलं?"

"काहीच नाही."

मग आम्ही पावसाचं बोलतो. तिथंही बहुतेक वर्षी तेच उत्तर असतं.